त्र्याण्णव अंकांनंतर

१९७० च्या डिसेंबरपासून १९७५ च्या एप्रिलपर्यंत न्यूयॉर्कच्या मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेचे ‘द एक्स-मेन’ हे नियतकालिक दर दोन महिन्यांनी नेमाने बाजारात येत असे, त्याच्या मुखपृष्ठावर अनुक्रमांक, किंमत आणि तारीख यथास्थित छापलेली असे, आणि आत मात्र एकही नवी कथा नसे. सदुसष्टाव्या अंकापासून त्र्याण्णवाव्या अंकापर्यंत असे सत्तावीस अंक निघाले आणि ते सर्व त्याच मालिकेतील जुन्या कथांचे पुनर्मुद्रण होते. लेखकाला मानधन द्यावयाचे नाही, चित्रकाराची वाट पाहावयाची नाही, कागद आणि छपाई यांचा खर्च वजा जाऊन चार पैसे उरले तर उरले, अशा बेताने चालवलेले ते केवळ नाममात्र नियतकालिक होते.

याच नियतकालिकाने पुढील दहा वर्षांत अमेरिकेतील चित्रकथांच्या खपात अग्रस्थान मिळवले, आणि ज्यांनी एक्स-मेनचा एकही अंक हाती धरलेला नाही असे लोकही आज वुल्व्हरीन या पात्राची धातूची नखे पाहताच त्याला ओळखतात, याचे श्रेय १९७५ साली या मरगळलेल्या मालिकेचा ताबा ज्यांच्याकडे आला त्या लेखक-चित्रकारांच्या संचाला आहे. दीर्घकाळ चाललेली सुपरहिरोची मालिका नव्या हाती सोपवून पुन्हा सुरू करणे ही अमेरिकेत अपूर्वाईची बाब नव्हे; हल्ली तर थोड्याथोड्या वर्षांनी तिचा सोहळाच होतो, अनुक्रमांक पुन्हा एकपासून लावले जातात, जाहिराती झळकतात, आणि वर्ष-दोन वर्षांत तो नवा संच व त्याचा नवा आरंभ दोन्ही विस्मृतीत जातात. १९७५ चा पुनरारंभ मात्र टिकला. तो का टिकला याची आमच्या मते दोन कारणे आहेत. एक असे, की नव्या मंडळींनी मूळ कथेकडे परत जाण्याचा प्रयत्न न करता मूळ कर्त्यांनी जे बीज पेरून तसेच सोडून दिले होते ते वाढवले. आणि दुसरे असे, की ते हे करीत असताना मालकांचे तिकडे लक्ष नव्हते. पहिल्या कारणाविषयी पुष्कळ लिहिले जाते, दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो.

या व्यवसायाची रीत ठाऊक नसलेल्या वाचकासाठी थोडे विषयांतर येथे आवश्यक आहे. कादंबरीचा नायक हा कादंबरीकाराचा असतो आणि बहुधा त्याच्याबरोबरच तो संपतो. अमेरिकन सुपरहिरो हा कंपनीच्या मालमत्तेच्या यादीतील एक बाब असतो, आणि लेखक व चित्रकार हे त्याच्या कारभारावर काही मुदतीपुरते नेमलेले लोक असतात. एका अंकामागे किमान पाचसहा माणसांचे हात लागतात: कथा रचणारा, पेन्सिलीने रेखाटणारा, त्या रेखाटनावर शाई चढवणारा, फुग्यांतील अक्षरे लिहिणारा, रंग ठरवणारा आणि या सर्वांवर देखरेख करणारा संपादक. त्यातही मार्व्हलच्या घराचा शिरस्ता निराळा होता. लेखक कथेचे टिपण एखाद्या पानात सांगे, चित्रकार ते टिपण वीस पानांत पसरून प्रसंगांचा क्रम, गती आणि पुष्कळदा तपशीलही स्वतःच ठरवी, आणि चित्रे पूर्ण झाल्यावर लेखक त्यांवर संवाद लिही. अशा व्यवस्थेत चित्रकार हा निम्मा लेखकच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्रकार बदलल्याबरोबर मालिकेचा स्वभाव का पालटतो याचा उलगडा होतो.

दुसरी गोष्ट विक्रीची. त्या काळी हे अंक वृत्तपत्रविक्रेत्यांच्या दुकानांतून विकले जात आणि न खपलेल्या प्रतींचे पैसे वितरकाला परत मिळत. त्यामुळे अमुक अंक किती खपला याचा खरा ताळेबंद प्रकाशकाच्या हाती यावयास अनेक महिने लागत, आणि तोवर पुढचे तीनचार अंक छापूनही झालेले असत. १९६९ साली लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार नील अॅडम्स यांनी एक्स-मेनला जे थोडे दिवस विलक्षण देखणे रूप दिले त्याचा खप वाढू लागला होता, पण ते आकडे येण्याआधीच मालिका बंद करण्याचा निर्णय होऊन गेला होता, असे या क्षेत्रातील जुनी मंडळी सांगत असत. सहासष्टाव्या अंकाने, १९७० च्या मार्चमध्ये, नव्या कथा थांबल्या.

ही मालिका मुळात १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सुरू केली. जन्मतःच विलक्षण शक्ती घेऊन आलेल्या ‘म्यूटंट’ मानवांची ही कथा. लीला या कल्पनेत एक मोठी सोय दिसली होती: प्रत्येक नायकाला शक्ती कोठून मिळाली याची नवी हकीकत, किरणोत्सर्गाचा नवा अपघात, दर खेपेस रचण्याची गरज उरत नव्हती, ती जन्माने मिळाली असे म्हटले की काम भागे. तो तर मालिकेलाच ‘द म्यूटंट्स’ असे नाव देणार होता, परंतु हा शब्द लहान वाचकांना कळणार नाही असे प्रकाशक मार्टिन गुडमन यांचे मत पडले. न्यूयॉर्कनजीकच्या वेस्टचेस्टर परगण्यात चाकाच्या खुर्चीत बसणारे प्राध्यापक झेवियर एक शाळा चालवतात, जगाच्या दृष्टीने ती बुद्धिमान मुलांची खाजगी शाळा असते, आणि तिथे सायक्लॉप्स, मार्व्हल गर्ल, बीस्ट, एंजल आणि आइसमॅन हे पाच विद्यार्थी आपल्या शक्तींचा उपयोग करण्याचे शिक्षण घेतात. ज्या जगाचे ते रक्षण करतात ते जग मात्र त्यांना भिते आणि त्यांचा द्वेष करते.

या शेवटच्या वाक्यातच त्या मालिकेचे सर्व वैशिष्ट्य आहे, आणि गंमत अशी की पहिल्या सात वर्षांत त्याचाच उपयोग सर्वांत कमी झाला. म्यूटंटांची शिकार करणारी सेंटिनल नावाची प्रचंड यंत्रे १९६५ मध्ये अवतरली, द्वेषाची भाषा मधूनमधून ऐकू येई, हे खरे. परंतु हे पाचही विद्यार्थी गौरवर्णी, सुखवस्तू घरांतील दिसणारे अमेरिकन तरुण होते, एंजल आपले पंख पट्ट्यांनी बांधून कोटाखाली झाकी, आणि शनिवारी सायंकाळी हे सारे न्यूयॉर्कच्या कॉफीगृहात जाऊन बसले तर त्यांच्याकडे कोणी वळून पाहण्याचेही कारण नव्हते. समाजाने बहिष्कृत केलेले लोक अशी ज्यांची ख्याती, ते समाजात इतक्या सुखाने मिसळून जात की वाचकाला त्या बहिष्काराची धग कधी लागलीच नाही. कर्बीने सतराव्या अंकाबरोबर आणि लीने एकोणिसाव्याबरोबर हात काढून घेतला. या दोघांची प्रतिभा त्या वेळी ‘फँटॅस्टिक फोर’ आणि ‘थॉर’ यांसारख्या मालिकांत खर्च होत होती, आणि हे दुय्यम अपत्य दुसऱ्यांच्या हवाली झाले.

१९७४ च्या सुमारास मार्व्हलचे अध्यक्ष अल लँडाऊ यांनी एक सूचना पुढे केली. ज्या ज्या देशांत कंपनीची प्रकाशने विकली जातात त्या देशांतील नायक एकत्र आणून एखादी आंतरराष्ट्रीय टोळी निर्माण केली तर परदेशातील खप वाढेल, अशी ती सरळ व्यापारी मसलत होती. संपादक रॉय थॉमस यांनी तिचा सांधा पडून राहिलेल्या एक्स-मेनशी जुळवला, आणि पुढे काम आले ते लेखक लेन वीन व चित्रकार डेव्ह कॉक्रम यांच्याकडे. आता हे दोघे कंपनीच्या सूचनेशी किती इमानदार राहिले ते पाहण्यासारखे आहे: त्यांनी निवडलेल्या नव्या मंडळींत केनियातील एक स्त्री, सायबेरियातील सामूहिक शेतावरचा एक तरुण आणि अॅरिझोनातील एक अपाची योद्धा होता, आणि यांपैकी निदान सायबेरियात तरी मार्व्हलच्या अंकांना गिऱ्हाईक नव्हते. व्यापाराचा हेतू या रीतीने वाटेतच गळून गेला आणि कल्पना तेवढी शिल्लक राहिली.

१९७५ च्या मे महिन्याची तारीख असलेला ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ हा पन्नास सेंट किमतीचा विशेषांक म्हणजे या पुनरारंभाचे पहिले पाऊल. क्राकोआ नावाच्या बेटावर जुने एक्स-मेन नाहीसे झाले आहेत, एकटा सायक्लॉप्स परत आला आहे, आणि त्यांच्या सुटकेसाठी झेवियर जगभर हिंडून नवी माणसे गोळा करतो, एवढेच त्याचे कथानक. शेवटी ते बेटच सजीव निघते. कथानकापेक्षा ही माणसे गोळा करण्याची पाने अधिक महत्त्वाची आहेत. जर्मनीतील एका खेड्यात मशाली घेतलेला जमाव एका निळ्या, शेपटीवाल्या प्राण्याला सैतान समजून ठार मारण्यासाठी धावतो आहे. त्याचे नाव कुर्ट वाग्नर, अर्थात् नाइटक्रॉलर. केनियात ओरोरो, अर्थात् स्टॉर्म, या तरुणीची पाऊस देणारी देवता म्हणून पूजा होते आहे. बैकल सरोवराजवळच्या शेतावर प्योत्र रास्पुतिन आपल्या लहान बहिणीवर चालून आलेला ट्रॅक्टर स्वतःचे शरीर पोलादाचे करून अडवतो. कॅनडाच्या लष्कराच्या नोकरीत असलेला वुल्व्हरीन आपल्या वरिष्ठांसमोर नोकरी सोडून चालू लागतो. जपानचा सनफायर आणि आयर्लंडचा बॅन्शी हे जुन्या अंकांत येऊन गेलेले लोक, आणि थंडरबर्ड हा अपाची, असे सातजण जमतात.

या पानांत दोष नाहीत असे नाही. प्रत्येक पात्र हे आपल्या देशाविषयी अमेरिकन माणसाच्या ज्या ठरीव समजुती असतात त्यांच्या साच्यातून निघाले आहे. अपाची उर्मट आणि गव्याशी झुंजणारा, जपानी मानी आणि तुसडा, रशियन भाबडा आणि राज्याशी एकनिष्ठ. तथापि पाहा, की नाइटक्रॉलरला एंजलच्या पंखांप्रमाणे आपले रूप कोटाखाली लपवता येत नाही. त्याचे रूप हेच त्याचे प्राक्तन आहे, त्याच्यामागे लागलेला जमाव वाचकाने प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि एवढे असून हा मनुष्य स्वभावाने त्या सर्वांत आनंदी व निर्मळ आहे. लीच्या वाक्यातील द्वेष बारा वर्षांनी प्रथमच मशाली घेऊन समोर उभा राहिला. पुढे काही काळ नाइटक्रॉलर एका यंत्राच्या साहाय्याने सिनेनट एरॉल फ्लिनचे रूप घेऊन गावात हिंडतो, आणि यथावकाश ते यंत्र बाजूला ठेवून आहे त्या निळ्या चेहऱ्याने हिंडू लागतो. या एका तपशिलात जेवढा आशय आहे तेवढा आधीच्या सहासष्ट अंकांत मिळून असेल की नाही याची शंका वाटते.

ही निर्मिती मुख्यतः कॉक्रमची. ऑरेगनमध्ये जन्मलेला आणि अमेरिकन नौदलात नोकरी केलेला हा चित्रकार प्रतिस्पर्धी डीसी कंपनीच्या ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ या भविष्यकाळातील बालवीरांच्या मालिकेचे काम करून आला होता, आणि वह्यांच्या वह्या भरून कपड्यांचे नमुने व पात्रांची रेखाटने करून ठेवणे हा त्याचा छंद होता. नाइटक्रॉलर त्याने मूळ त्या दुसऱ्या मालिकेसाठी योजला होता. स्टॉर्म ही त्याने केलेल्या दोनतीन वेगवेगळ्या रेखाटनांच्या मिश्रणातून जन्मली. चाचेगिरीची साहसे आणि तलवारबाजीचे जुने चित्रपट यांचा तो भोक्ता होता आणि त्याच्या चित्रांना त्यामुळे एक प्रकारचा मोकळा, वाऱ्यावर उडणारा डौल आला. वुल्व्हरीन मात्र त्याचा नव्हे. ते पात्र वीनने १९७४ साली ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेत आणले होते आणि त्याचे रूप जॉन रोमिटा यांनी ठरवले होते.

मुख्य संपादकपद त्या वेळी वीनकडेच होते. संपादकाने लेखनही करावयाचे हा भार त्याला पेलेना, आणि त्याने ही मालिका आपल्याच कार्यालयातील पंचविशीच्या एका साहाय्यकाला देऊन टाकली. ख्रिस क्लेअरमाँट लंडनला जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, अभिनयाची हौस असलेला तरुण. १९७५ च्या ऑगस्टच्या चौऱ्याण्णवाव्या अंकापासून त्याची कारकीर्द सुरू झाली. त्या अंकाची कथा खरे पाहता दुसऱ्या जाड विशेषांकासाठी योजलेली होती. ती कापून दोन साध्या अंकांत बसवण्यात आली. आणि अंकाचा क्रमांक चौऱ्याण्णवच राहिला, ही गोष्टही विसरू नये. आज अशा प्रसंगी पहिला क्रमांक छापतात, कारण पहिला अंक संग्राहक घेतात. त्या काळी समज असा की नव्या क्रमांकाचे नियतकालिक टिकेल की नाही याची विक्रेत्याला शंका वाटते आणि जुन्या क्रमांकाचा त्याला भरवसा वाटतो. डीसी कंपनीनेही १९५९ मध्ये ‘द फ्लॅश’ स्वतंत्रपणे सुरू करताना, नायक सर्वस्वी नवा असूनही, दहा वर्षांपूर्वी थांबलेल्या जुन्या मालिकेचा एकशेपाचवा क्रमांक पुढे चालवला होता.

क्लेअरमाँटने आरंभी केलेली कामे पाहिली तर ती उभारणीपेक्षा छाटणीची अधिक आहेत. चौऱ्याण्णवाव्या अंकातच सनफायर रागाने निघून जातो आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी सायक्लॉप्स सोडून बाकीचे शाळा सोडतात. लगेच पंचाण्णवाव्या अंकात थंडरबर्ड मरण पावतो. त्याचे कारण वाङ्मयीन आहे: फटकळ, हट्टी आणि आज्ञा न मानणारा असा एक मनुष्य वुल्व्हरीनच्या रूपाने संचात असताना तशाच स्वभावाचा दुसरा निष्कारण जागा अडवीत होता. परंतु परिणाम त्या कारणापेक्षा कितीतरी मोठा झाला. दोन अंकांपूर्वी मोठ्या थाटाने दाखल झालेला नायक मेला, दीर्घकाळ परत आला नाही, आणि येथे कोणाचेही काही होऊ शकते ही जाणीव वाचकाच्या मनात कायमची राहिली. अठ्ठ्याण्णवाव्या अंकात वुल्व्हरीनची नखे हातमोज्यांत बसवलेली नसून त्याच्या हाताच्या आतून येतात असे उघड झाले. वीनच्या मनात ती हातमोज्यांचाच भाग होती. पण नखे शरीरातून निघू लागताच तो एक हत्यारबंद सैनिक न राहता स्वतःच्या देहाशी झगडणारा माणूस झाला. मूळ कर्त्याचा आराखडा मोडून मूळ कल्पना सुधारते ती अशी.

यानंतर क्लेअरमाँटने जी पद्धत बसवली ती या माध्यमाला बऱ्याच अंशी अपरिचित होती. एखादा प्रश्न, एखादी अर्धवट सोडलेली ओळ, एखाद्या अनोळखी माणसाचे एका चौकटीपुरते दर्शन, हे तो आज पेरी आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याचे पीक काढी. दोन युद्धांच्या मधल्या काळात ही माणसे काय करतात, कोण कोणाशी अबोला धरतो, स्टॉर्मला बंदिस्त जागेची भीती का वाटते, याला तो युद्धाइतकीच पाने देई. त्याच्या स्त्रिया केवळ सोडवल्या जाण्यासाठी नसत. स्टॉर्मकडे पुढे संचाचे नेतृत्व आले, आणि शक्ती गेल्यानंतरही तिने दोनशेएकाव्या अंकात द्वंद्व जिंकून ते राखले. त्याच्या शैलीचे दोषही याच गुणांच्या पोटातले आहेत. तो अति लिहितो. चित्रात स्पष्ट दिसणारी गोष्ट फुग्यातही सांगतो, माणसे संकटाच्या ऐन क्षणी परिच्छेदभर बोलतात, आणि अक्षरलेखक टॉम ओर्झेकोव्स्की यांनी ते सारे एवढ्याशा जागेत सुवाच्य कसे बसवले याचे राहून राहून नवल वाटते.

द्वैमासिकाच्या वेगालाही कॉक्रम पुरा पडेना, आणि १९७७ च्या डिसेंबरच्या एकशेआठव्या अंकापासून जॉन बर्न त्याच्या जागी आला. इंग्लंडमध्ये जन्मून कॅनडात वाढलेल्या या चित्रकाराची रेघ रेखीव, टेरी ऑस्टिनची शाई तिच्यावर बारीक सुईने भरतकाम करावे तशी चढे, आणि कथारचनेत बर्नचा वाटा निम्म्याहून कमी नसे. वुल्व्हरीन संचातून गाळावा असा विचार चालला असता आपल्या देशातले एकुलते एक पात्र जाऊ द्यावयाचे नाही असा हट्ट बर्नने धरला; आजच्या दृष्टीने त्या हट्टाची किंमत मोजणे अवघड आहे. १९७८ च्या ऑगस्टच्या एकशेबाराव्या अंकापासून नियतकालिक पुन्हा मासिक झाले.

या दोघांचे भांडण पुष्कळ होई, आणि त्या भांडणाचे फळ उत्तम निघे. १९८० मधील जीन ग्रेची कथा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. मूळच्या पाचांतील ही मार्व्हल गर्ल १९७६ मध्ये फिनिक्स नावाची अमर्याद शक्ती बनली होती; ती शक्ती हळूहळू तिचाच ग्रास घेते आणि एकशेपस्तिसाव्या अंकात ती एक सूर्य गिळते, त्याबरोबर एका वसलेल्या ग्रहावरील पाच अब्ज जीव नष्ट होतात. लेखक-चित्रकारांच्या बेताप्रमाणे तिची शक्ती काढून घेऊन तिला साधी स्त्री म्हणून घरी पाठवावयाचे होते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी हरकत घेतली: एवढ्या हत्येचे शासन एवढेच असेल तर कथेला न्याय कसला? शेवटची पाने नव्याने तयार झाली आणि एकशेसदतिसाव्या अंकात जीन ग्रे चंद्रावर स्वतःच्या हाताने मृत्यू पत्करते. पहिल्या शेवटाची पाने चार वर्षांनी स्वतंत्र पुस्तिकेत प्रसिद्ध झाली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचली असता शूटर यांचे म्हणणे बरोबर होते, असा निर्वाळा आम्ही देतो. संपादकाच्या हस्तक्षेपाने कथा बिघडतेच असे नाही.

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. १९७४ ते १९७८ या काळात मार्व्हलच्या मुख्य संपादकाची खुर्ची पाच वेळा रिकामी झाली. थॉमस, वीन, मार्व्ह वुल्फमन, गेरी कॉनवे आणि आर्ची गुडविन हे एकामागून एक तिच्यावर बसले व उठले. अशा अंदाधुंदीत दोन महिन्यांनी एकदा निघणाऱ्या, खपाच्या यादीत तळाशी असलेल्या मालिकेची दखल कोण घेणार? मालक गावात फिरकत नाही अशी पडीक जमीन एखाद्या कुळाच्या वहिवाटीत आली म्हणजे ते कोणास न विचारता बांध हलवते, नवी झाडे लावते आणि पाचसहा वर्षांत तिथे मळा उभा राहतो, तसे येथे झाले. थंडरबर्डला मारण्यास, रशियन माणसाला शीतयुद्धाच्या काळात नायक करण्यास, सायक्लॉप्ससारख्या प्रस्थापित नायकाला मागे सारून एका कृष्णवर्णी स्त्रीला पुढारीपण देण्यास लागणारी मोकळीक ‘स्पायडर-मॅन’च्या लेखकाला मिळणे शक्य नव्हते; त्या मालिकेवर कंपनीची चूल पेटत होती.

मळा उभा राहिल्यावर मालकाला जमिनीची आठवण होते हेही क्रमप्राप्तच. १९७८ पासून अमलात आलेल्या नव्या कॉपीराइट कायद्यान्वये कंपनीने आपल्या लेखक-चित्रकारांकडून सारे हक्क सोडल्याचे करार लिहून घेतले. खप वाढला तशा एक्स-मेनच्या उपशाखा निघू लागल्या, आणि त्यांच्या घटना परस्परांशी जुळवण्याचे ओझे मूळ मालिकेवर पडले. बर्न १९८१ मध्ये एकशेत्रेचाळिसाव्या अंकानंतर निघून गेला. क्लेअरमाँट राहिला, आणि त्याच वर्षी एकशेपन्नासाव्या अंकात त्याने मॅग्नेटो या जुन्या खलपुरुषाला नात्सी छळछावणीतून वाचलेला मनुष्य ठरवून त्या पात्राला जे गांभीर्य दिले ते आजतागायत त्याच्याबरोबर आहे. त्याने एकाच मालिकेवर एकंदर सोळा वर्षे काढली. या व्यवसायात हा प्रकार जवळजवळ अश्रुतपूर्व होय.

१९९१ साली कंपनीने त्याच नावाची आणखी एक मालिका पहिल्या अंकापासून काढली. लेखक क्लेअरमाँट आणि चित्रकार जिम ली. वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांनी सजलेल्या त्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या, हा विक्रम आहे. तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट बाहेर पडला होता: संपादक बॉब हॅरास आणि लोकप्रिय चित्रकार यांच्यापुढे कथेची दिशा ठरवण्याचा त्याचा अधिकार उरला नव्हता. ज्याने पडीक मालिका नावारूपाला आणली तो ती सर्वांत जास्त खपली त्याच वर्षी तिच्यावरून दूर झाला, यात कंपनीच्या दृष्टीने काही विसंगत घडले नाही. कारभारी बदलला होता, एवढेच. डेव्ह कॉक्रमच्या वाट्याला तर याहून कमी आले. त्याने निर्मिलेली पात्रे चित्रपटांच्या पडद्यावर नाचत असता तो आजारी होऊन रुग्णालयात पडला, नील अॅडम्स आणि इतर व्यवसायबंधूंनी त्याची बाजू मांडली, आणि २००४ मध्ये मार्व्हलने त्याच्याशी आर्थिक समझोता केला. २००६ मध्ये तो वारला.

या प्रकरणाची चव ज्यांना घ्यावयाची असेल त्यांनी चित्रपटांपासून आरंभ करू नये. १९७५ चा विशेषांक आधी वाचावा, त्यातील देशोदेशींच्या ठरीव माणसांना थोडे सांभाळून घ्यावे, आणि मग चौऱ्याण्णव ते एकशेत्रेचाळीस हे पन्नास अंक क्रमाने वाचावेत. आज ते सर्व संग्रहरूपाने उपलब्ध आहेत. पुढचे सवडीने पाहता येतील. १९९१ चा तो विक्रमी पहिला अंक एखाद्याने भविष्यातील ठेव म्हणून जपून ठेवला असेल तर त्याने मात्र त्याची फारशी आशा धरू नये. ऐंशी लाख प्रती निघालेल्या वस्तूला दुर्मिळतेचा भाव येत नाही.